थर्मामीटर फुटला तर झाडू हातात घेऊ नका

गेल्या मे महिन्यात रात्री साडेनऊला शेजारची सून दारात उभी. "मावशी, थर्मामीटर पडला हो हातातून. पारा सगळीकडे पळतोय, झाडून काढते म्हटलं तर आणखीच बारीक होतोय."

"झाडू ठेव खाली. बाळाला घे आणि पुढच्या खोलीत बस."

मी 31 वर्षं स्टाफ नर्स होते. आमच्या वॉर्डात थर्मामीटर फुटणं नेहमीचंच. काच कचऱ्यात टाकायची, पारा बेसिनमध्ये लोटायचा आणि वरून नळ सोडायचा, हीच पद्धत. मीही तेच केलं आणि नव्या मुलींनाही तेच दाखवलं. तो पारा कुठे गेला असेल हे मला फार उशिरा कळलं. त्याची खंत आजही आहे, म्हणून त्या रात्री काय केलं ते बारकाईने लिहिते.

आधी खोली रिकामी करा. लहान मुलं, मांजर, सगळे बाहेर. ज्याच्या पायाखाली पारा आला असेल त्याने चपला तिथेच काढायच्या, नाहीतर तो घरभर जातो. खिडक्या उघडा, आतल्या खोल्यांची दारं लावा. कूलर आणि पंखा बंद. आमच्याकडे चंद्रपूर जिल्ह्यात मे महिन्यात कूलर बंद करायचा म्हणजे जिवावर येतं, पण आवरेपर्यंत घाम सोसा. पाऱ्याची वाफ होते, उकाड्यात जास्तच होते, आणि तिला ना रंग ना वास. खरा धोका या वाफेचा. श्वासातून आत गेलेल्या वाफेतला बहुतेक पारा रक्तात उतरतो. उलट बाळाने थर्मामीटर चावला आणि पारा गिळला, तर तो पोटात फारसा शोषला जात नाही, शौचावाटे निघून जातो. तरी तोंडात काच गेली असेल, म्हणून डॉक्टरांना दाखवाच.

मग अंगावरचं सोनं काढून ठेवा. पारा सोन्याला चिकटतो आणि सोनं पांढरं पडतं. वॉर्डात एका सहकारी मैत्रिणीची अंगठी अशीच गेली होती, घासून काही उपयोग झाला नाही. शेजारच्या सुनेच्या हातात पाटल्या होत्या, त्या मी पहिल्यांदा उतरवायला लावल्या.

हातमोजे घाला. नसतील तर हाताला प्लास्टिकच्या पिशव्या बांधा. काचेचे तुकडे घडी केलेल्या कागदाने उचला. आता दोन जाड लग्नपत्रिका घ्या. एक आडवी धरायची आणि दुसरीने थेंब हळूहळू तिच्याकडे ढकलायचे. घाई केली की एकाचे दहा होतात. सावकाश ढकलले की दोन थेंब शेजारी येतात, क्षणभर थांबतात आणि एकदम एक होतात. मोठा थेंब झाला की ड्रॉपरने किंवा बिनसुईच्या सिरिंजने ओढून घ्या आणि घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या बाटलीत सोडा. बाटलीत आधीच थोडं पाणी घालून ठेवा. पारा पाण्यापेक्षा साडेतेरा पट जड, तो तळाशी बसतो आणि वरच्या पाण्यामुळे वाफ अडते. तो ड्रॉपर पुन्हा औषधाला वापरायचा नाही.

आता दिवा घालवा आणि टॉर्च जमिनीला जवळजवळ टेकवून आडवा धरा. मला साफ वाटलेली फरशी टॉर्चच्या उजेडात अशी चमकली की सून दारातूनच "अगं बाई!" म्हणाली. कपाटाखाली, पलंगाच्या पायापाशी, शहाबादीच्या सांध्यांत, मोहरीपेक्षा बारीक मणी. हे चिकटपट्टीने टिपायचे. सांध्यांत अडकलेल्यांवर गंधकाची भुकटी पसरा, शेतीच्या दुकानात मिळते. पिवळी भुकटी पाऱ्याला लागली की तपकिरी होत जाते, म्हणजे पारा कुठे दडलाय तेही कळतं. नंतर ओल्या कागदाने उचला. पण गंधक टाकलं म्हणजे झालं, असं नाही. थेंब वेचायलाच हवेत.

चिकटपट्टी, कागद, मोजे, ड्रॉपर सगळं एका पिशवीत, ती दुसऱ्या पिशवीत, आणि वर ठळक अक्षरांत "पारा, उघडू नये". खिडक्या पुढचा पूर्ण दिवस उघड्या ठेवा. झाडू, पोछा, व्हॅक्यूम क्लीनर यांतलं काहीही वापरू नका. पारा लागलेली गोधडी वॉशिंग मशीनमध्ये टाकू नका, ती घडी घालून त्याच पिशवीत. आणि बेसिन, मोरी, संडास, चूल यांच्यात तर कणभरही नाही.

हे सगळं थर्मामीटरपुरतं. त्यात अर्धा ते एक ग्रॅम पारा असतो. जुन्या उभ्या बीपी मशीनमध्ये शंभर ग्रॅमच्या आसपास असतो. ते फुटलं तर स्वतः आवरू नका. खोली बंद करून बाहेर पडा आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयाला कळवा. सीएफएल बल्ब फुटला तर पारा काही मिलिग्रॅमच, तरी दहा-पंधरा मिनिटं खोलीबाहेर थांबा, मग पुठ्ठ्याने आणि चिकटपट्टीने उचला.

एवढ्याशा थेंबासाठी एवढा आटापिटा का, असं सुनेनेही विचारलं. पारा नष्ट होत नाही. मोरीतून नाल्यात, नाल्यातून नदीच्या गाळात जातो. गाळातले जिवाणू त्याचं मिथाइल मर्क्युरी, म्हणजे पाऱ्याचं जास्त विषारी रूप, करतात. ते आधी बारीक जीवांत जातं, मग लहान माशांत, मग त्यांना खाणाऱ्या मोठ्या माशांत, आणि प्रत्येक पायरीला वाढत जातं. जपानमध्ये मिनामाताच्या खाडीत चिस्सो कंपनीच्या कारखान्याचं पारा असलेलं सांडपाणी 1932 ते 1968 जात राहिलं. आधी मांजरं झटके येऊन मरायला लागली, मग कोळ्यांच्या घरांत माणसं. 1956 च्या 1 मे रोजी हा आजार अधिकृतपणे नोंदला गेला. आई वरून धडधाकट आणि पोटातलं बाळ मेंदूला इजा घेऊन जन्मलेलं, अशी मुलं तिथे झाली. म्हणून गरोदर बायकांना मी सांगते, मासे सोडू नका, बांगडा, तारली, मांदेली खा, पण मोठी मुशी टाळा.

घरातला पारा हा थोडाच भाग, हे मला ठाऊक आहे. जगात माणसामुळे हवेत जाणाऱ्या पाऱ्यात सगळ्यात मोठा वाटा छोट्या सोनेखाणींचा. तिथे पाऱ्यात सोनं धरतात आणि पारा जाळून उडवतात. त्याखालोखाल कोळसा. चंद्रपूरला जाताना औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या लांबूनच दिसतात. 2920 मेगावॅटचं केंद्र, रोज हजारो टन कोळसा. टनामागे पारा ग्रॅमच्या अंशाएवढाच, पण टन मोजा. ते काम सरकारचं आणि कंपन्यांचं, आणि ते त्यांच्याकडे मागत राहायला हवं. मिनामाताच्या नावाचा आंतरराष्ट्रीय करार 2017 पासून लागू आहे, भारताने त्याला 2018 मध्ये मान्यता दिली.

आणखी एक जागा बायकांनी तपासावी, ती म्हणजे गोरं करणारी क्रीम. डबीवर बनवणाऱ्याचा पत्ता नसेल, किंवा कॅलोमेल, मर्क्युरस क्लोराइड, अमोनिएटेड मर्क्युरी असं पाऱ्याचं एखादं नाव लिहिलं असेल, तर लावू नका. लावत असाल आणि पायांवर सूज आली, लघवीला फेस येऊ लागला, तर डबी सोबत घेऊन डॉक्टरांकडे जा. मूत्रपिंडावर परिणाम होतो.

राहिली ती बाटली. 2016 च्या घनकचरा नियमांत फुटलेले पाऱ्याचे थर्मामीटर घरगुती घातक कचऱ्यात नाव घेऊन धरले होते आणि दर 20 चौरस किलोमीटरला एक संकलन केंद्र करायला सांगितलं होतं. मी बाटली घेऊन आमच्या गावच्या कार्यालयात दोनदा गेले. पहिल्यांदा "कचरागाडीत टाका" म्हणाले, दुसऱ्यांदा साहेब नव्हते. बाटली सध्या माझ्या पडवीत, कुलपाच्या कपाटात, वरच्या कप्प्यात आहे. सोमवारी पुन्हा जाणार आहे, नियमाची झेरॉक्स आणि लेखी अर्ज घेऊन. अर्जावर आमच्या आळीतल्या नऊ घरांच्या सह्या झाल्यात, आणि त्यातल्या चार घरांत अजून पाऱ्याचे थर्मामीटर आहेत.