दुसऱ्या कॉम्प्युटरवर प्रोग्रॅम टाकण्याआधी

घरात नवा कॉम्प्युटर आला की जुन्यावरचं सगळं त्यावर टाकायची घाई होते. त्याआधी जुन्या मशीनवर बसून खरोखर वापरात असलेल्या प्रोग्रॅमची यादी काढा. निम्मी नावं तिथेच गळतील. उरलेल्या प्रत्येक नावापुढे लिहा: हे लायसन्स काय मोजतं? मशीन, माणूस, की एका वेळचा वापर? 'पैसे भरलेत, मग घरात कुठेही चालेल' असं गृहीत धरू नका.

कॉम्प्युटरसोबत आलेली विंडोजची प्रत बहुधा ओईएम, म्हणजे मशीन बनवणाऱ्या कंपनीने आधीच टाकून दिलेली असते. ती त्याच मशीनपुरती. वेगळी विकत घेतलेली रिटेल प्रत हलवता येते, पण आधीच्या मशीनवरून काढून. मायक्रोसॉफ्ट ३६५ फॅमिली माणसं मोजतं: ६ जणांपर्यंत, आणि प्रत्येकाला एका वेळी ५ उपकरणं. इथे एकच पासवर्ड घरभर वाटू नका, प्रत्येकाचं खातं वेगळं करा. अडोबी क्रिएटिव्ह क्लाउडचं वैयक्तिक लायसन्स २ कॉम्प्युटरवर ॲक्टिव्हेट होतं, पण वापरायचं एका वेळी एकावरच. मला सगळ्यात पटलेला नियम १९८० च्या दशकातल्या बोरलँड या सॉफ्टवेअर कंपनीचा. आमचं सॉफ्टवेअर पुस्तकासारखं वापरा, असं ते सांगत: कुणीही वापरा, कुठल्याही मशीनवर न्या, फक्त एकाच वेळी दोन ठिकाणी चालायला नको.

जुनं मशीन फॉरमॅट करण्याआधी प्रॉडक्ट की, खरेदीची पावती आणि कुठल्या ईमेलवर खातं आहे ते लिहून ठेवा. मग प्रोग्रॅममध्ये जाऊन स्वतः डीॲक्टिव्हेट करा, म्हणजे त्या मशीनवरचं लायसन्स मोकळं करा. हे राहिलं, तर ते मशीन मोजणीत तसंच अडकून राहू शकतं आणि कंपनीच्या सपोर्टशी बोलत बसावं लागतं.

प्रोग्रॅमचा फोल्डर पेन ड्राइव्हवर उचलून नेऊ नका. रजिस्ट्रीतल्या (विंडोज प्रोग्रॅमची सेटिंग्ज जिथे ठेवतं त्या यादीतल्या) नोंदी मागेच राहतात आणि पुष्कळ प्रोग्रॅम उघडतच नाहीत. मूळ इन्स्टॉलर जपा. क्रॅक केलेली, म्हणजे लायसन्सचं कुलूप तोडलेली प्रत तर आणूच नका; तिच्यासोबत मालवेअर येण्याचा धोका असतो. एकट्यानं प्रोग्रॅम लिहून विकणाऱ्याच्या लायसन्समध्ये दुसऱ्या मशीनचा उल्लेख नसेल, तर त्याला सरळ मेल करून विचारा. त्याची मेहनत आहे ती.

लिब्रेऑफिस, गिम्प, व्हीएलसी मात्र हव्या तितक्या मशीनवर बिनधास्त टाका. त्यांचं लायसन्सच कॉपी करायची मुभा देतं. नुसतं 'मोफत' लिहिलेल्या इतर प्रोग्रॅमचं तसं नाही. त्यातले बरेच फक्त खासगी वापरासाठी मोफत असतात, म्हणून घरून ऑफिसचं काम करत असाल तर ती अट आधी वाचा.