रानात हरवलेला दागिना शोधताना ‘डिस्क्रिमिनेशन’ खाली ठेवा

खुरपताना डोरलं किंवा फुली पडली की लोक भाड्याने मेटल डिटेक्टर आणतात, खिळे-तारांची कटकट नको म्हणून डिस्क्रिमिनेशन (नको त्या धातूंचे सिग्नल गाळणारी सेटिंग) वर चढवतात आणि रान रिकामं समजून परततात. खोलवरच्या वस्तूचा सिग्नल आधीच क्षीण असतो. त्यात मराठवाड्याची काळी माती बेसाल्टची, लोहयुक्त. हा क्षीण सिग्नल यंत्राला लोखंडासारखा भासतो आणि ते तो गाळून टाकतं. शिवाय बारीक सोनं आणि गोळ्यांच्या पाकिटाची चंदेरी पट्टी यांचे यंत्रावर दिसणारे आकडे जवळपास सारखेच येतात. पट्टी गाळली की फुलीही गेली!

१. धातू नसलेल्या जागी कॉइल (यंत्राची खालची गोल तबकडी) जमिनीजवळ वर-खाली हलवून ग्राउंड बॅलन्स करा, म्हणजे यंत्र मातीतल्या लोहाकडे दुर्लक्ष करेल.
२. डिस्क्रिमिनेशन शून्यावर आणा. फारच कचरा असेल तर फक्त लोखंडापुरतं, त्यापुढे नाही.
३. यंत्र उगाच कुरकुरलं तर सेन्सिटिव्हिटी (यंत्राची संवेदनशीलता) एक-दोन घर उतरवा, डिस्क्रिमिनेशनला हात लावू नका.
४. कचऱ्यामुळे डिस्क्रिमिनेशन ठेवावंच लागलं तर आधी चाचणी घ्या: हरवलेल्या दागिन्यासारखीच बारीक अंगठी दोऱ्याला बांधून १० सेंटीमीटर खोल पुरा. डिस्क्रिमिनेशन एकेक घर चढवत वरून कॉइल फिरवा. आवाज तुटायला लागला की त्याच्या एक घर खाली थांबा.

कॉइल जमिनीला जवळजवळ घासत, सावकाश फिरवा. तुटका आवाज आला तर ९० अंशांत वळून पुन्हा बघा. खिळा बहुधा एकाच बाजूने वाजतो.

पैठण, तेरसारख्या प्राचीन अवशेषांच्या ठिकाणी संरक्षित जागेत खोदकाम गुन्हा आहे. जुनं धन सापडलं तर १८७८ च्या कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, स्वतःच्या शेतात असलं तरी.