रात्री वायफाय रखडतंय? आधी चॅनल बदलून बघा

दुपारी नीट चालणारं वायफाय रात्री आठनंतर अडखळायला लागलं की अनेक जण थेट महागडा प्लॅन घेतात. त्याआधी लॅपटॉपला राउटरची लॅन केबल जोडून स्पीड तपासा. केबलवरही कमीच असेल तर कंपनीकडे तक्रार करा. पूर्ण मिळत असेल, तर बहुधा सोसायटीतले शेजारचे राउटर तुमच्याच चॅनलवर, म्हणजे वायफायच्या लहरींच्या त्याच पट्टीवर, गर्दी करताहेत.

राउटरच्या खालच्या स्टिकरवर लिहिलेला पत्ता ब्राउझरमध्ये टाका, बहुधा १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१ असतो. वायरलेस सेटिंगमध्ये २.४ गिगाहर्ट्झ या बँडचं (लहरींच्या पट्ट्याचं) चॅनल 'ऑटो'वरून काढून १, ६ किंवा ११ ठेवा. मधले आकडे नकोतच. चॅनलची रुंदी सुमारे २० मेगाहर्ट्झ आणि शेजारच्या दोन चॅनलमधलं अंतर जेमतेम ५, त्यामुळे ३ किंवा ४ निवडलं की १ आणि ६ दोन्हीकडचा गोंगाट तुमच्या वाट्याला येतो. १, ६ आणि ११ यातलं कोणतं मोकळं आहे ते अँड्रॉइडवरच्या वायफाय अ‍ॅनालायझर अ‍ॅपमध्ये दिसतं. मात्र तपासणी रात्रीच करा, खरी गर्दी तेव्हाच असते. सेटिंगमध्ये चॅनलची रुंदी ४० मेगाहर्ट्झ ठेवलेली असेल तर तीही २० करा.

राउटरच्याच खोलीतला टीव्ही सरळ ५ गिगाहर्ट्झवर, म्हणजे राउटरच्या दुसऱ्या, कमी गर्दीच्या बँडवर जोडा.