खाडीकाठावरून पाच हजार मीटरांवर : मनाली–लेह एकट्याने सायकलवर

ठाण्यात किंवा नवी मुंबईत राहून मनाली–लेह मार्गाची तयारी करणाऱ्याने एक गोष्ट आधीच मान्य करावी, ती म्हणजे पाय येथे घडवता येतात, पण विरळ हवेची सवय येथे कितीही घाम गाळला तरी लागत नाही. या मार्गावरच्या खिंडींपैकी (नावातला 'ला' म्हणजे खिंड) रोहतांग ३,९७८ मीटर उंचीवर आहे, बारालाचा सुमारे ४,८९० मीटरांवर, लाचुंग ला पाच हजारांच्या वर आणि तांगलांग ला ५,३२८ मीटरांवर. या शेवटच्या खिंडीत हवेचा दाब आपल्या खाडीकाठच्या निम्म्याच्या आसपास येतो. त्यामुळे सहलीचा आराखडा दिवसाच्या किलोमीटरांवर न बेतता रात्रीच्या मुक्कामाच्या उंचीवर बेतावा.

पायांसाठी आपल्याकडे उत्तम सोय आहे. उपवनहून येऊरचा किंवा बेलापूरहून पारसिक हिलचा चढ लहान असला, तरी कामावर जाण्यापूर्वी चार-पाच वेळा वर-खाली करण्यास पुरतो. सुटीच्या दिवशी नेरळहून माथेरानच्या दस्तुरीपर्यंत जावे. तेथे सुमारे आठ किलोमीटरांत सातशे मीटर चढावे लागते, म्हणजे सरासरी नऊ टक्क्यांच्या जवळ. मनाली ते रोहतांग हा चढ ५१ किलोमीटरांत सुमारे १,९०० मीटरांचा, म्हणजे सरासरी चार टक्क्यांचाही नाही. हिमालयातले हे रस्ते लष्करी ट्रक चढतील अशा बेताने बांधलेले असल्याने तीव्र चढांचा बाऊ करू नये. चढ संपतच नाही, ही तेथील खरी अडचण आहे. तिच्यासाठी पोलादपूर ते महाबळेश्वर हा आंबेनळी घाट सर्वांत उपयोगी, कारण तेथे सुमारे चाळीस किलोमीटर सीटवर बसून चढतच राहावे लागते. निघण्यापूर्वीच्या महिन्यात तो पॅनियरमध्ये (कॅरियरला अडकवायच्या पिशव्यांत) पूर्ण सामान भरून किमान दोनदा करावा. पावसाळ्यात माळशेजमध्ये दरडी कोसळतात आणि कसाऱ्यात ट्रकांची गर्दी असते, म्हणून सरावासाठी हे दोन्ही घाट मी सुचवणार नाही.

हंगाम साधारण जून ते सप्टेंबर असतो. विमानाने थेट लेहला उतरून उलट दिशेने निघण्याचा मोह टाळावा, कारण लेह स्वतःच साडेतीन हजार मीटरांवर आहे. मनालीत (सुमारे २,०५० मीटर) दोन रात्री राहून सोलंगपर्यंत रिकाम्या सायकलने फेरी मारावी. २०२० मध्ये खुल्या झालेल्या अटल बोगद्यामुळे वाहनांचा रोहतांग टळतो, पण सायकलस्वाराने तो टाळू नये, कारण जवळजवळ चार हजार मीटरांवर जाऊन कोकसर किंवा सिस्सूला सुमारे ३,१०० मीटरांवर झोपणे हाच शरीराला सवय लावण्याचा उत्तम मार्ग आहे. पुढे केलाँग, मग जिस्पा (सुमारे ३,२००) येथे एक दिवस विश्रांती, त्यानंतर पत्सेओ, झिंगझिंगबार आणि बारालाचा ओलांडून सरचू (सुमारे ४,२९०), असा क्रम ठेवावा. तीन हजार मीटरांच्या वर मुक्कामाची उंची एका रात्रीत पाचशे मीटरांहून अधिक वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावे, हा सर्वमान्य नियम आहे. ॲसिटाझोलामाइड (उंचीचा त्रास टाळण्याचे औषध) घ्यायचे की नाही, हे निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारून ठरवावे. सल्फा औषधांची ॲलर्जी असल्यास ती अवश्य सांगावी.

या मार्गाचा एक सापळा नकाशावर सहजासहजी लक्षात येत नाही. उंचीच्या आजारावर खात्रीचा उपाय एकच, खाली उतरणे. पण बारालाचा ओलांडला की सरचूहून मागे जाण्यासाठी तोच पुन्हा चढावा लागतो आणि पुढे जायचे तर गाटा लूप्सची २१ वळणे, नकी ला आणि लाचुंग ला उभेच असतात. पुढे पांग येथे (सुमारे ४,६०० मीटर) लष्कराचा तळ असल्याने गरजेला वैद्यकीय मदत मिळू शकते, पण तेथूनही कोणत्याही दिशेने खिंडच चढावी लागते. म्हणून पुढे जायचे की नाही, हा निर्णय झिंगझिंगबारलाच घ्यावा. तेथे सकाळी उठल्यावर डोके दुखत असेल किंवा जेवण नकोसे वाटत असेल, तर त्या दिवशी वर जाऊ नये. दुखणे वाढले तर जिस्पाला परतावे.

एकट्या प्रवाशाला आणखी एक धोका असतो. मेंदूला सूज येऊ लागली की माणसाचा तोल आणि विवेक दोन्ही ढळतात, आणि ते सांगायला सोबत कोणी नसते. म्हणून रोज संध्याकाळी एका पावलाच्या टाचेला दुसऱ्या पावलाची बोटे लावत सरळ रेषेत दहा पावले चालून पाहावे. पावले अडखळली किंवा बसल्या जागी धाप लागली, तर दिवस उजाडण्याची वाट न पाहता ढाबेवाल्याला सांगून मिळेल त्या वाहनाने सर्वांत कमी उंचीच्या गावाकडे निघावे. हा नियम घरूनच कागदावर लिहून हँडलबारच्या पिशवीत ठेवावा, म्हणजे त्या क्षणी स्वतःशी वाद घालावा लागणार नाही.

रोज पहाटे निघावे. दुपारनंतर बर्फ वितळून रस्त्यावरून वाहणाऱ्या नाल्यांचे पाणी वाढते आणि पांगनंतरच्या मोरे मैदानावर समोरून वारा सुटतो. खिंडीच्या माथ्यावर पोहोचताच घामाने भिजलेला शर्ट बदलून जाकीट चढवावे. आपल्या दमट हवेत वाढलेल्यांना हे सुचत नाही आणि उतारावर हुडहुडी भरते.

सायकलच्या पुढच्या सर्वांत लहान चेनरिंगपेक्षा (पेडलजवळच्या दातेरी चक्रापेक्षा) मागच्या कॅसेटचे (मागच्या चाकावरच्या चक्रांच्या संचाचे) सर्वांत मोठे चक्र अधिक दातांचे असावे. दोन ट्यूब, ब्रेक पॅड, साखळीचा जोड, स्पोक आणि डीरेलरचा (गिअर बदलणाऱ्या यंत्रणेचा) हँगर सोबत असू द्यावा, कारण केलाँगनंतर लेहपर्यंत सायकलचे दुकान मिळेल असे धरून चालू नये. रोख रकमेचेही तसेच. लडाखमध्ये इतर राज्यांतील प्रीपेड सिम चालत नाही, त्यामुळे पोस्टपेड घ्यावे आणि तरीही मधले बरेच टप्पे संपर्काविना जातील हे घरच्यांना आधीच सांगावे. परवानगीशिवाय सॅटेलाइट फोन बाळगणे भारतात बेकायदेशीर आहे. परदेशी प्रवाशांचे सल्ले वाचून तो मागवू नये.

परतताना लेहहून विमान घेणार असाल, तर खोक्यात सायकल भरण्यासाठी पेडलचा पाना जवळ ठेवावा. डावे पेडल उलट्या आट्यांचे असते. टायरमधील हवा कमी करावी, पॉवर बँक हातातील सामानात घ्यावी आणि स्टोव्हचे गॅसचे डबे विमानात चालत नसल्याने ते लेहमध्येच एखाद्या ट्रेकिंगवाल्याला देऊन टाकावेत.