इंजिनातले आटे गेले? मग निदान या चुका तरी टाळा

गिऱ्हाईक मोटारसायकल घेऊन येतं आणि म्हणतं, "बोल्ट नुसता फिरतोय, धरतच नाही." मी आधी बोल्ट हातात घेतो. त्याच्या आट्यांत अ‍ॅल्युमिनियमची बारीक स्प्रिंग गुंडाळून आली असेल, तर तपास तिथेच संपला. ती स्प्रिंग म्हणजे भोकातले आटे. बोल्ट पोलादाचा, केसिंग (इंजिनाचं बाहेरचं कवच) अ‍ॅल्युमिनियमचं, तेव्हा हार कुणाची ते ठरलेलं. केसिंगचा गेलेला माल परत येत नाही आणि प्रत्येक जुगाड त्यातला अजून थोडा खातो. माझ्यापर्यंत गाडी येते तेव्हा बरेचदा नुसतं भोकच उरलेलं असतं.

गळतंय म्हणून आवळणे

सगळ्यात जास्त मरतात ते खालच्या ऑइल नटाचे, म्हणजे जुनं तेल सोडायच्या तळाच्या बोल्टचे आटे. बऱ्याच 100 सीसी गाड्यांत हा नट 12 मिमीचा, 1.5 पिचचा (दोन आट्यांत दीड मिमी अंतर) असतो. तेल अडवायचं काम वॉशरचं, आट्यांचं नाही. वॉशर एकदा दाबला गेला की तो पुन्हा तसाच बसेल याची खात्री नसते. पण दोन-पाच रुपयांचा वॉशर कोण बदलतो? थेंब दिसला की अजून अर्धा फेरा.

एका तरुण मुलाची गाडी खंबाटकी घाटातून टेंपोत घालून आणली होती. हकीकत त्याच्याच तोंडून ऐकली. ऑइल घरीच बदललं, वॉशर जुनाच. गळायला लागलं म्हणून पान्यावर पाइप चढवून आवळलं. नट सैल झाला, म्हणजे आटे गेले. मग टेफ्लॉन टेप. तरी गळतंय म्हणताना रस्त्याकडेच्या कुणीतरी 14 मिमीचा, स्वतःच आटे पाडत जाणारा नट ठोकून दिला. तो वाकडा गेला आणि चेंबरला, म्हणजे केसिंगच्या तळाला, केसाएवढी चीर पडली. घाटात तेल संपलं, पिस्टन सिलिंडरमध्ये जाम. बोअर, पिस्टन, अर्धं केसिंग, सगळं नवीन. मुलगा बिल बघून गप्प बसला. मी त्याच्या हातावर नवा तांब्याचा वॉशर ठेवला, त्याचे पैसे घेतले नाहीत.

माझी सवय सांगतो. प्रत्येक ऑइल बदलाला नवा वॉशर, नट आधी बोटांनी पूर्ण आत, मग आखूड पाना. या मापाच्या नटाला साधारण 25 ते 30 न्यूटन-मीटर जोर लागतो. पाइप कशाला हवा?

केसिंगच्या बाजूच्या 6 मिमी बोल्टांना तर 10 न्यूटन-मीटर पुरे. वीतभर पान्याच्या टोकाला पाच किलोचा जोर, बास. "अजून थोडं" म्हणत त्यावर अंगाचा भार टाकणाऱ्याला मी टॉर्क पाना (किती जोर लागतोय ते सांगणारा) विकत घ्यायला लावतो.

हाताने, अंदाजाने ड्रिल मारणे

हा गुन्हा मी स्वतः केलेला आहे. क्लच कव्हरचा एक आटा गेला होता, कॉइल बसवायची होती. कॉइल म्हणजे स्टेनलेस तारेची स्प्रिंग. भोक मोठं करून त्यात वेगळ्या टॅपने (आटे पाडायचं हत्यार) आटे पाडायचे, कॉइल बसवायची, की आत मूळ मापाचा आटा मिळतो. मूळ आट्यापेक्षा पक्का. मला घाई होती, म्हणून नजरेच्या अंदाजाने ड्रिल मारलं. कॉइल बसली झकास, पण तिरकी. कव्हर लावताना बाकीचे बोल्ट बसले, हा एक कव्हरच्या भोकाला घासून अडकला. वस्तादांनी ड्रिल काढून घेतलं आणि महिनाभर भंगारातल्या केसिंगवर रोज पाच कॉइल बसवून घेतल्या. शिव्या वेगळ्या.

तेव्हापासून सुताराचा छोटा गुण्या माझ्या पेटीत असतो. टॅपला दोन बाजूंनी गुण्या लावून बघितल्याशिवाय दुसरा फेरा नाही. अर्धा फेरा पुढे, पाव मागे, वर रॉकेलचे दोन थेंब. 6 मिमीच्या कॉइलला 6.3 चं ड्रिल लागतं. "6.5 आहे, चालेल" म्हणणाऱ्यांनी माझ्या दुकानात येऊ नये, त्या सैल भोकात आटे अर्धवटच पडतात. बंद, म्हणजे आरपार नसलेलं, भोक असेल तर ड्रिलला खोलीवर चिकटपट्टी लावा, नाहीतर सरळ ऑइलच्या वाटेत उतराल. कॉइल पृष्ठभागाच्या पाव ते अर्धा आटा खाली बसली पाहिजे, आणि तळाचा आडवा तुकडा तोडून बाहेर काढायचाच.

आता बाकीचं पटापट. एम-सील भरून बोल्ट बसवू नका, तेलात आणि तापात ते टिकत नाही. बंद भोकात तेल साचलं असताना बोल्ट आवळू नका. तेल दबत नाही, केसिंग फुटतं. कव्हरचे बोल्ट आखूड-लांब असतात, त्यांची अदलाबदल झाली की आखूड बोल्ट दोन आट्यांवर लोंबकळतो आणि तेही घेऊन येतो. मी पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढून त्यातच बोल्ट खोचून ठेवतो.

स्पार्क प्लगचं मात्र थांबून सांगतो. प्लगला पहिला फेरा पान्याने देणारा माणूस हेडचा, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणाचा, वैरी. मी प्लगच्या टोकावर रबरी नळी चढवून फिरवतो. आटा वाकडा लागला तर नळीच घसरते, हेड वाचतं. नवा प्लग बोटांनी टेकला की वॉशर दाबायला अर्धा फेरा पुरतो. गरम हेडमधून प्लग काढू नका. आणि प्लगचेच आटे गेले असतील तर हेड उतरवूनच काम करा. टॅपला ग्रीस लावलं की धातूचा कीस सिलिंडरमध्ये पडत नाही, असं सांगणारे भेटतात. बराचसा ग्रीसला चिकटतो हे खरं. उरलेला सिलिंडरवर रेघा ओढतो.

काम झालं की बोल्ट आधी कोरडाच, बोटांनी तळापर्यंत जातो का बघतो. मग तेल भरून गाडी दहा मिनिटं चालू ठेवतो आणि रात्रभर चेंबरखाली वर्तमानपत्र अंथरतो. लोक तासाभरात गाडी मागतात. सकाळी कागद कोरडा दिसला की देतो.