ट्रायग्लिसराइडची तपासणी: दोन आठवडे आधीपासून रिपोर्ट हातात येईपर्यंतची तयारी

ट्रायग्लिसराइड म्हणजे रक्तातली एक प्रकारची चरबी. तिच्या तपासणीची डॉक्टरांनी घाई सांगितलेली नसेल, तर तारीख घेण्याआधी कॅलेंडर पाहा. गणपती, दिवाळी किंवा घरचं लग्न नुकतंच उरकलं असेल, तापातून उठला असाल, तर दोन आठवडे जाऊ द्या. मात्र रिपोर्ट बरा यावा म्हणून आठवडाभर भात-गोड सोडू नका. तुमच्या रोजच्या जेवणावर आकडा किती राहतो, हेच तर पाहायचं असतं. दारू घेत असाल तर तीन दिवस आधीपासून पूर्ण बंद.

आता उपाशी पोटाबद्दल, कारण सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. इथला उपास संकष्टीचा नाही. साबुदाणा, केळं, दूध काही चालत नाही. बिनसाखरेचा चहा, लिंबूपाणी, च्युइंगगमसुद्धा नाही. साधं पाणी मात्र भरपूर प्या. पोट १० ते १२ तास रिकामं हवं. मुंबईहून लोकलने ठाण्याला किंवा नेरूळला घरी पोचेपर्यंत रात्रीचे नऊ वाजत असतील आणि जेवण साडेनऊला होत असेल, तर सकाळी सातची वेळ घेऊ नका, साडेआठची घ्या. आदल्या रात्री वरण-भात, भाजी-पोळी असं नेहमीचंच जेवा. इन्सुलिन किंवा मधुमेहाची गोळी उपाशी पोटी घेतली तर साखर एकदम खाली जाऊ शकते, म्हणून त्या सकाळच्या औषधांचं डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा. लॅबमध्ये पोचल्यावर पाच-दहा मिनिटं शांत बसा, मग हात पुढे करा.

त्याच वेळी एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर), टीएसएच (थायरॉइड), क्रिएटिनिन (किडनी), एसजीपीटी (यकृत) आणि लघवीतलं प्रोटीन तपासायचं का, हेही विचारा. आटोक्यात नसलेला मधुमेह, मंदावलेला थायरॉइड, किडनीचा विकार यांमुळे ट्रायग्लिसराइड चढतं, आणि मूळ कारण सापडलं नाही तर नुसतं पथ्य कमी पडतं. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर ते लॅबला सांगा. त्याने थायरॉइडचा रिपोर्ट चुकू शकतो.

डॉक्टरांकडे जाताना चालू औषधांची यादी कागदावर न्या. स्टिरॉइड, मुरमांसाठीचं आयसोट्रेटिनॉइन, इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या, लघवी वाढवणाऱ्या काही बीपीच्या गोळ्या यांनीही आकडा वाढतो. यातलं काहीही स्वतःहून बंद करू नका. गरोदर असाल किंवा तसा विचार असेल, तर ते आधी सांगा.

रिपोर्टमध्ये डेसिलिटरमागे १५० मिलिग्रॅमच्या आत ठीक, १५० ते १९९ काठावर, २०० ते ४९९ जास्त आणि ५०० पासून पुढे फार जास्त. कागदावरचा एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) बहुतेकदा थेट मोजलेला नसतो: एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा केलेला असतो. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेलं की हे गणित फसतं. अशा वेळी थेट मोजलेला एलडीएल मागा, नाहीतर एकूणमधून फक्त एचडीएल वजा करून आलेला आकडा पाहा.

तेल-तूप निम्म्यावर आणूनही आकडा हलत नाही, ही तक्रार नेहमीची. कारण शरीराने वापरून उरलेली साखर आणि पीठ यकृत चरबीत बदलून रक्तात सोडत राहतं. म्हणून आधी चहा मोजा. दोन चमचे साखरेचे चार कप म्हणजे दिवसाला ३० ग्रॅमच्या वर साखर, बिस्किटं वेगळीच. गूळ आणि मध यांनाही सूट नाही. उसाचा रस बंद. फळ अख्खं खा, रस काढून नको. भात एक वाटी, सोबत उसळ आणि कोशिंबीर. मासे खात असाल तर बांगडा आणि तारली उत्तम, पण रश्श्यातली, तळलेली नको. वजन ५ ते १० टक्के उतरलं तरी आकडा चांगला खाली येतो. ठाण्यात तलावपाळीला किंवा नवी मुंबईत पाम बीच रोडच्या कडेने, आठवड्यातले पाच दिवस अर्धा तास झपझप चाला, धाप लागेल पण बोलता येईल इतक्या वेगाने.

५०० च्या पुढे मात्र तेल-तूपही कडक मोजावं लागतं, दारू शून्य, आणि औषध लागेलच असं धरून चला. हजाराच्या वर स्वादुपिंडाला सूज येण्याची भीती खरी असते. पोटाच्या वरच्या भागात असह्य दुखू लागलं, कळ पाठीत गेली, उलट्या थांबेनात, तर गॅस समजून घरी थांबू नका. १०८ ला फोन करा किंवा थेट हॉस्पिटल गाठा.

फेरतपासणी ६ ते १२ आठवड्यांनी, त्याच लॅबमध्ये, तितकेच तास उपाशी राहून. या आकड्यात नुसता दिवस बदलला तरी २० टक्क्यांचा फरक पडू शकतो, त्यामुळे २१० चे १८५ झाले म्हणून गोळी सोडू नका आणि १८५ चे २१० झाले म्हणून धास्तीही घेऊ नका.