‘वारंवार युरिन इन्फेक्शन’ असं लिहिण्याआधी

युरॉलॉजीत (मूत्रविकारांच्या शाखेत) शिकायला आल्या आल्या दुर्मीळ आजारांच्या याद्या पाठ करायचा नाद प्रत्येकाला लागतो. परीक्षेला त्या उपयोगी पडतात, नाही म्हणत नाही. ओपीडीत मात्र दुर्मीळ आजार येतो तो जळजळ, सारखी लघवी, रात्री पाच-सहा वेळा उठणं, मधूनच थोडं रक्त, अशी रोजचीच तक्रार घेऊन. सोबत जाडजूड फाइल असते आणि तिच्यात आधीच्या तीन-चार डॉक्टरांनी एकच ओळ लिहिलेली असते: वारंवार युरिन इन्फेक्शन. पाचवे तुम्ही. पेन उचलण्याआधी जरा थांबा.

एका कोऱ्या कागदावर तारखांचा तक्ता करा. चार रकाने: लघवीच्या रुटीन तपासणीत पस सेल (पूच्या पेशी) किती, कल्चरमध्ये (जंतू वाढवून पाहायच्या तपासणीत) काय उगवलं, कोणतं अँटिबायोटिक दिलं, आणि ते नमुना घेण्याआधी सुरू झालं की नंतर. काम दहा मिनिटांचं आहे, पण कंटाळवाणं, म्हणून कोणी करत नाही. ६ महिन्यांत २ किंवा वर्षभरात ३ वेळा इन्फेक्शन झालं तर ‘वारंवार’ म्हणायचं, आणि तेही कल्चरने सिद्ध झालेलं हवं. तक्ता भरला की कित्येक फायलींमध्ये दुसरा रकाना एक तर रिकामा निघतो, नाहीतर ओळीने ‘नो ग्रोथ’. पस सेल भरपूर आणि कल्चर कोरं, म्हणजे स्टराइल पायुरिया. व्याख्या तुम्हाला पाठ असते. तरी गर्दीच्या ओपीडीत नजर पस सेलच्या आकड्यावर जाते, हात प्रिस्क्रिप्शनकडे जातो आणि कल्चरचा कागद खालीच राहतो.

कल्चर कोरं येण्याची कारणं तीन गटांत बसतात. रुग्णाने आधीच दोन-चार गोळ्या घेतलेल्या असतात. किंवा जंतू असा असतो की तो नेहमीच्या माध्यमावर उगवतच नाही: क्षयाचा, क्लॅमिडिया, युरिआप्लाझ्मा. नाहीतर इन्फेक्शनच नसतं: खडा, मूत्राशयाचा कार्सिनोमा इन सिटू (अस्तरापुरताच असलेला कॅन्सर), इंटरस्टिशियल सिस्टायटिस (जंतूंशिवाय होणारा मूत्राशयाचा दाह), पॅपिलरी नेक्रोसिस (किडनीच्या आतल्या टोकांचा भाग मरणं), केटामाइनने (नशेसाठीही घेतलं जाणारं भुलीचं औषध) भाजलेलं मूत्राशय, नाहीतर विसरलेला डीजे स्टेंट (मूत्रवाहिनीत ठेवलेली नळी). केटामाइनबद्दल तोंडाने विचारावं लागतं, तेही नातेवाईक बाहेर गेल्यावर. तरुण रुग्ण, प्रचंड जळजळ, आक्रसलेलं मूत्राशय असं चित्र असूनही तो प्रश्न न विचारणं हा निव्वळ संकोच, आणि त्याची किंमत रुग्ण मोजतो.

आता ज्या जागी बहुतेक सगळे फसतात तिच्याकडे येऊ. सिप्रोफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन ही फ्लुरोक्विनोलोन गटातली औषधं क्षयाच्या जंतूवरही चालतात. मूत्रमार्गाचा क्षय असलेल्या माणसाला सिप्रोचा सात दिवसांचा कोर्स दिला की जंतूंची संख्या घटते, जळजळ कमी होते, रुग्ण खूश होतो. डॉक्टरही खूश होतो, कारण आराम पडला म्हणजे निदान बरोबर होतं असं आपल्याला वाटतं. काही आठवड्यांनी तक्रार परत येते. तिला ‘नवं इन्फेक्शन’ म्हणतात आणि पुन्हा तेच औषध, फार तर लिव्हो. दरम्यान, कोर्स संपता संपता कुणी क्षयासाठी लघवी पाठवलीच, तर जंतू इतके कमी उरलेले असतात की कल्चरही कोरं येतं आणि पीसीआरही (जंतूचा डीएनए शोधणारी तपासणी). मग फाइलवर ‘टीबी निगेटिव्ह’ असा शिक्का बसतो, आणि तो नंतर कोणी पुसत नाही. त्यात भर म्हणजे एकाच औषधाचा असा अर्धवट मारा होत राहिला की त्या औषधाला दाद न देणारे जंतू मागे उरतात, आणि लिव्होफ्लॉक्सासिन हे तर औषधांना न जुमानणाऱ्या क्षयासाठी राखून ठेवायचं शस्त्र. हे सगळं चालू असताना आत व्रण भरतात, भरताना आवळतात, मूत्रवाहिनी अरुंद होते आणि त्या बाजूची किडनी न दुखता निकामी होते.

म्हणून नियम सरळ आहे. पायुरिया आहे, कल्चर कोरं आहे, ताप नाही, अडथळा नाही: नमुने जाईपर्यंत क्विनोलोन नाही. अमिकासिनही नाही, तेही क्षयाच्या जंतूवर चालतं. रुग्ण कळवळत असेल तर वेदनाशामक द्या, मूत्राशय शांत करणारं औषध द्या. पाच दिवसांच्या उशिराने त्याचं काही बिघडत नाही. पण ताप, कमरेत दुखणं आणि सोनोग्राफीत फुगलेली किडनी असेल तर हा नियम बाजूला ठेवा. लघवी आणि रक्त कल्चरला पाठवून लगेच सेफ्ट्रिअॅक्सोनसारखं औषध सुरू करा आणि तुंबलेली किडनी मोकळी करा. तिथे वाट पाहणं हा गुन्हा आहे.

नमुना कसा घ्यायचा, हेही कोणी धड शिकवत नाही. क्षयासाठी पहाटेची पहिली लघवी लागते, रात्रभर साठलेली, लागोपाठ ३ ते ५ दिवस. दर वेळी मधल्या धारेची, निर्जंतुक डबीत, निदान ४० मिली, आणि त्याच दिवशी लॅबला. २४ तास गोळा केलेली लघवी नको, तिच्यात बाकीचे जंतू माजतात. फॉर्मवर ‘कल्चर’ एवढंच लिहिलंत तर लॅब नेहमीचं कल्चर करून दोन दिवसांत रिपोर्ट देईल, चूक त्यांची नाही. ‘टीबी कल्चर आणि पीसीआर’ असं स्पष्ट लिहा. द्रव माध्यमातलं कल्चर कोरं आहे म्हणायला ६ आठवडे लागतात, घन माध्यमातलं ८. लघवीत नुसता एएफबी स्मिअर (क्षयाचे जंतू रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघणं) पॉझिटिव्ह आला म्हणून उड्या मारू नका, बाह्य जननेंद्रियावर राहणारा निरुपद्रवी मायकोबॅक्टेरियम स्मेग्मॅटिसही तसाच रंगतो.

सायटॉलॉजीला, म्हणजे लघवीतल्या पेशींच्या तपासणीला, हे सगळं उलट. कॅन्सरच्या पेशी शोधताना पहाटेची पहिली लघवी चालत नाही, कारण रात्रभर लघवीत पडून पेशी खराब होतात. दिवसातली दुसरी किंवा त्यानंतरची, ताजी, तीन वेगवेगळ्या दिवशी. एकाच डबीतून दोन्हीकडे पाठवायचा शॉर्टकट वॉर्डात सर्रास चालतो, त्यात एक तपासणी हमखास वाया जाते.

सिस्टोस्कोपीत (दुर्बिणीने मूत्राशय आतून बघताना) लालसर मखमली चट्टा दिसला तर तो क्षय, कार्सिनोमा इन सिटू की हनर लिजन (इंटरस्टिशियल सिस्टायटिसचा चट्टा), हे डोळ्यांनी ठरवू नका. भल्याभल्यांना जमत नाही. भूल देऊन करा, ८० ते १०० सेंमी उंचीवरून पाणी सोडा आणि मूत्राशयात किती मिली मावलं तो आकडा लिहा. ‘कॅपॅसिटी कमी’ या शब्दांचा पुढच्या माणसाला काही उपयोग नसतो. बायोप्सीचे तुकडे दोन बाटल्यांत घाला: एक फॉर्मॅलिनमध्ये पॅथॉलॉजीसाठी, दुसरी साध्या निर्जंतुक सलाइनमध्ये टीबी कल्चरसाठी. फॉर्मॅलिनमध्ये जंतू मरतो. सिस्टर सवयीने दोन्ही बाटल्यांत फॉर्मॅलिन भरून ठेवतात, म्हणून ऑपरेशन सुरू होण्याआधी बाटली स्वतः बघा.

सीटी युरोग्राफीत (मूत्रमार्गाच्या सीटी स्कॅनमध्ये) डाय लघवीत उतरण्याचा टप्पा मागून घ्या. कॅलिक्सची (किडनीत लघवी गोळा करणाऱ्या पेल्याची) मान आवळलेली आणि मागचा कॅलिक्स फुगलेला, पण पेल्व्हिस (हे पेले जिथे उघडतात ती पिशवी) नॉर्मल. मूत्रवाहिनीत एकाहून जास्त ठिकाणी अरुंद जागा. मूत्राशय लहान आणि जाड. असं एकत्र दिसलं तर छातीचा एक्स-रे स्वच्छ आहे म्हणून क्षय वगळू नका.

औषधं नेहमीचीच, ६ महिन्यांची: पहिले २ महिने चार औषधं, पुढचे ४ महिने दोन किंवा तीन. ती फिजिशियन बघतील. युरॉलॉजिस्टचं काम वेगळं आहे आणि तेच राहून जातं. औषधांनी जखम भरताना मूत्रवाहिनी आणखी आवळू शकते. जळजळ थांबली, वजन वाढलं, आणि आत किडनी फुगत चालली आहे, असं होतं. पहिले काही महिने दर ३-४ आठवड्यांनी सोनोग्राफी आणि क्रिएटिनिन करा. फुगवटा वाढला तर डीजे स्टेंट, तो जात नसेल तर नेफ्रोस्टॉमी (पाठीतून थेट किडनीत नळी), ‘कोर्स संपल्यावर बघू’ नाही. स्टेंट आत असेपर्यंत लघवीत पस सेल आणि रक्तपेशी दिसणारच, त्यावरून औषधं लागू पडत नाहीत असा निष्कर्ष काढू नका. स्टेंट बदलायची तारीख डिस्चार्ज कार्डावर ठळक लिहा. रिफाम्पिसिनने लघवी नारिंगी होते हेही आधी सांगा, नाहीतर रक्त समजून रुग्ण रात्री धावत येतो किंवा गोळ्या बंद करतो. दुरुस्तीची शस्त्रक्रिया निदान ४ ते ६ आठवडे औषधं गेल्यावरच. मूत्राशयात १०० मिलीही मावत नसेल तर आतड्याचा तुकडा जोडून ते मोठं करावं लागतं, हे नातेवाइकांना सुरुवातीलाच सांगून ठेवा.

कार्सिनोमा इन सिटू निघाला तर मूत्राशयात बीसीजी (क्षयाच्या लशीतला दुबळा केलेला जिवंत जंतू), आठवड्याला एक असे ६ डोस, मग मेंटेनन्स. कॅथेटर घालताना रक्त आलं तर त्या दिवशी बीसीजी नाही, जिवंत जंतू थेट रक्तात जातो. ‘थोडंसंच तर आलं’ म्हणणाऱ्या सीनियरचं ऐकू नका.

सीनियरवरून आठवलं. ज्याचा हात सफाईदार त्याच्या मागे सगळे फिरतात. मला विचाराल तर जो तुमची हिस्टरी वाचून ‘परत जा, हे विचारून ये’ म्हणतो, त्याला धरा. त्याचा राग येईल, दोन-तीन महिने येईल. ‘क्लासिक ट्रायड’च्या (तीन ठरावीक लक्षणांच्या) कार्डांनी आणि फोनमधल्या नोट्सनी काम भागतं असं वाटत असेल तर हा प्रश्न बघा: लघवी करताना किंवा केल्यावर लगेच डोकं ठणकतं का, छाती धडधडते का, घाम फुटतो का, कधी चक्कर आली का? रक्तदाबाची गोळी चालू असलेल्या आणि लघवीतून रक्त जाणाऱ्या माणसाला हे विचारायला अर्धं मिनिट लागतं. उत्तर ‘हो’ आलं तर मूत्राशयाच्या भिंतीतल्या पॅरागँग्लिओमाचा (रक्तदाब वाढवणारी संप्रेरकं सोडणाऱ्या गाठीचा) विचार करावा लागतो. सिस्टोस्कोपीत तो वरून नॉर्मल अस्तर असलेला गुळगुळीत उंचवटा दिसतो, आणि ‘आलोच आहोत तर एक चावा घेऊ’ हा मोह तिथे जिवावर बेततो. लूप (कापायची तार) लागताच रक्तदाब आभाळाला भिडतो. आधी प्लाझ्मा मेटानेफ्रिन (त्या संप्रेरकांची रक्ततपासणी), रुग्णाला २० ते ३० मिनिटं आडवं निजवून रक्त घ्या आणि तो नैराश्याची गोळी घेतो का तेही पाहा, काही गोळ्यांनी आकडा खोटा वाढतो. मग १० ते १४ दिवस अल्फा ब्लॉकर, सोबत मीठ आणि पाणी भरपूर. बीटा ब्लॉकर लागला तर त्यानंतरच. क्रम उलटला तर रक्तदाब आणखी चढतो.

क्रिएटिनिन बरंच वाढलेलं आणि किडन्या मात्र जेमतेम फुगलेल्या, असा मेळ न बसणारा रुग्ण आला तर रेट्रोपेरिटोनियल फायब्रोसिस (पोटाच्या मागच्या भागात तंतू साठून मूत्रवाहिन्या जखडणं) लक्षात ठेवा. दोन्ही मूत्रवाहिन्या मध्यरेषेकडे ओढलेल्या दिसतात. गंमत म्हणजे खालून घातलेला कॅथेटर सहज वर जातो, आणि त्यावरून ‘अडथळा नाही’ असं लिहिलं जातं. नळी मोकळी असते, पण भोवतालच्या तंतूंनी जखडल्यामुळे तिची लाट पुढे सरकत नाही. आधी स्टेंट, मग लिम्फोमा (लसीका ग्रंथींचा कॅन्सर) नाही हे पाहायला बायोप्सी, आणि त्यानंतर स्टेरॉइड.

दुधासारखी लघवी दिसली तर टेबलावरच दोन टेस्ट ट्यूब घ्या. अॅसेटिक अॅसिडच्या थेंबांनी निवळली तर फॉस्फेट, ईथर घालून हलवल्यावर निवळली तर काइल (आतड्याकडून येणारा स्निग्ध लसीकाद्रव). दोन्हींनी नाही निवळली तर पू.

आणि मुलगी नीट लघवीला जाते, तिची धारही चांगली आहे, तरी चड्डी दिवसरात्र ओली, असं आई सांगत असेल तर ‘सवय लागेल’ म्हणू नका. दुहेरी किडनीच्या वरच्या भागाची मूत्रवाहिनी स्फिंक्टरच्या (लघवी रोखणाऱ्या स्नायूच्या) खाली उघडत असते. तो भाग इतका लहान असू शकतो की सोनोग्राफीत सुटतो. एमआर युरोग्राफी करा आणि तपासताना योनीमार्गाच्या तोंडाशी शांतपणे दोन मिनिटं बघत राहा, थेंब साठताना दिसतो.